वचनपितामह फ. गु. हळकट्टी : शाळा आणि शरणवाणी



काही वर्षांपूर्वी श्रावणातल्या एका सोमवारी, निपाणीकडच्या एका खेड्यात प्रवचन आटोपल्यावर एक वयोवृद्ध माउली पुढे आली. तंबाखूच्या वखारीत आयुष्यभर राबलेली बाई. तिने विचारले, स्वामीजी, आमच्या देवघरात सासऱ्यांच्या वेळेपासून एक बासन आहे. दर शिवरात्रीला आम्ही त्याला विभूती लावतो, बेलपत्र वाहतो, नमस्कार करतो. पण त्यात काय लिहिले आहे? आम्ही तिच्या घरी गेलो. बासन सोडले. आत ताडपत्रे होती. काठांना कसर लागलेली, मधली काही पाने एकमेकांना चिकटलेली. अक्षरे जुनी कन्नड. आमचे शालेय शिक्षण मराठीत आणि पुढचे संस्कृत पाठशाळेत झालेले. अमरकोश आणि लघुकौमुदी आम्ही मुखोद्गत केली होती, पण त्या पानावरची चार अक्षरेसुद्धा आम्हाला धड लागली नाहीत. त्या माउलीपुढे आम्ही निरुत्तर झालो, हे मान्य करण्यात संकोच कसला?

परतीच्या वाटेवर एका पुरुषाची आठवण मनातून जाईना. अशीच बासने सोडण्यात ज्यांनी साठ वर्षे घालवली, आणि त्याच साठ वर्षांत शाळाही काढल्या, त्या फकीरप्पा गुरुबसप्पा हळकट्टी यांचे चरित्र या अंकी आपल्यापुढे ठेवीत आहोत. कन्नड मुलुखात त्यांना वचनपितामह म्हणतात. मराठी वाचणाऱ्या आपल्या भक्तांपैकी अनेकांना नाव ठाऊक आहे, माणूस ठाऊक नाही.

हळकट्टींचा जन्म २ जुलै १८८० रोजी धारवाड येथे झाला. वडील गुरुबसप्पा हे शिक्षक आणि लेखकही. आई दानम्मा लहानपणीच गेली आणि मुलाचा सांभाळ आजीने केला. लिंगायत घरात फकीरप्पा हे नाव ऐकून आजच्या तरुणांना नवल वाटेल. शिरहट्टीच्या फकीरेश्वर मठाची भक्ती त्या मुलुखात सर्व जातिधर्मांत आहे आणि अशी नावे तिकडे घरोघर आढळतात.

धारवाडात शिक्षकाच्या घरी जन्मणे म्हणजे त्या काळी काय होते, हे थोडे समजून घ्यावे लागेल. पेशवाई गेल्यानंतर हा प्रदेश मुंबई इलाख्यात आला. कारभाराची भाषा मराठी राहिली आणि सुरुवातीच्या सरकारी शाळाही मराठीच्याच निघाल्या. घरात कन्नड बोलणारे मूल शाळेत मराठी मुळाक्षरे गिरवी. डेप्युटी चन्नबसप्पा यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शिक्षण खात्यात राहून कन्नड शाळांसाठी जिवाचे रान केले, तेव्हा ही स्थिती पालटू लागली. ते १८८१ साली लिंगैक्य झाले, तेव्हा हळकट्टी पाळण्यात होते. म्हणजे आपल्या आईच्या भाषेत शिकलेली जी पहिली पिढी धारवाडात वाढली, तिच्यातलाच हा मुलगा. आपण मराठी वाचणारी माणसे. ही हकीकत आपल्याला थोडी खुपेल. पण मुलाला परक्या भाषेत शिकवले की त्याच्या घरातल्या पोथीचे काय होते, हे त्या माउलीच्या देवघरात आम्ही स्वतः पाहिले आहे. तिथे उणे पडले ते आमच्याच शिक्षणात.

धारवाडचे शिक्षण संपवून हळकट्टी मुंबईस गेले आणि सेंट झेवियर्स कॉलेजात दाखल झाले. १९०१ मध्ये बी.ए. आणि १९०४ मध्ये एल्‌एल.बी. झाले. मुंबईने त्यांना कायदा शिकवला, तसेच आणखी एक गोष्ट शिकवली. मराठी आणि गुजराती माणसे आपापल्या भाषेवर किती जीव टाकतात, हे त्यांनी तिथे पाहिले. वर्तमानपत्रे, नाटके, ग्रंथमाला, जुन्या संतकवींच्या छापील गाथा. वारकऱ्यांच्या तोंडी असलेले अभंग छापून दुकानात विकत मिळतात आणि कॉलेजात शिकणारी मुले ते वाचतात. मग आपल्या शरणांची वाणी कुठे आहे? या प्रश्नाने त्यांना घेरले. तेव्हा वचनकार म्हणून पन्नासेक नावेच लोकांना माहीत होती आणि छापून हाती येईल असे फारच थोडे होते. बाकी सारे बासनांत बांधलेले. मुंबईच्या मराठी वातावरणाचे हे ऋण कन्नड चरित्रकारही मोकळेपणी नमूद करतात, म्हणून आम्हीही इथे नोंदवतो.

वकिलीची सनद घेऊन ते प्रथम आपल्या बेळगावात आले. इथे काही काळ काम केले आणि मग विजापुरास जाऊन तिथेच कायमचे स्थिरावले. विजापूर म्हणजे आजचे विजयपूर. अवर्षणाचा, दुष्काळाचा जिल्हा. आदिलशाहीचे घुमट आभाळाला टेकलेले आणि खाली ज्वारी पिकली तर पिकली. अशा गावात तरुण वकिलाचा जम बसला. पैसा येऊ लागला. इतर कोणी असता तर वाडा बांधला असता.

तत्पूर्वीच, १९०३ च्या सुमारास, रबकवी-बनहट्टीच्या बाजूला एका घरी ताडपत्रांच्या पोथ्या त्यांच्या पाहण्यात आल्या होत्या. तिथून जो नाद लागला तो देह पडेपर्यंत सुटला नाही. कोर्टाला सुटी लागली की हे गावोगाव निघत. कधी चालत, कधी बैलगाडीने, पुढे सायकलवरून. मठात जात, भक्तांच्या घरी जात, जंगमांना विनवीत. पोथी देवघरात, आणि देवघरातली वस्तू बाहेर कशी द्यायची? काहींना वाटे की हा वकील, याच्या हाती कागद गेला की जमिनीचा दावा उभा राहील. काहींना वाटे पोथी घराबाहेर गेली की लक्ष्मी जाईल. ताडपत्रावर लोखंडी लेखणीने कोरलेली अक्षरे जुनी झाली की नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. काजळी चोळून पुसून घेतली की रेघा वर येतात. मग एक एक ओळ लावायची, उतरवून घ्यायची, दुसऱ्या पोथीशी ताडून पाहायची. शब्द तुटलेले नसतात, विराम नसतो. कोणत्या वचनाचा कोण कर्ता, हे शेवटच्या अंकितावरून ओळखायचे. अंकित म्हणजे वचनाच्या शेवटी येणारे त्या त्या शरणाच्या इष्टदेवाचे नाव. कीड लागून तेवढेच अक्षर गेले असेल, तर ते वचन पोरके.

या श्रमातून जी नावे वर आली ती पाहावीत. बसवण्णा, अल्लमप्रभू, चन्नबसवण्णा, अक्कमहादेवी यांची थोरवी लोक जाणत होतेच. पण परीट मडिवाळ माचय्या, नावाडी अंबिगर चौडय्या, दोर वळणारा नुलिय चंदय्या, कातडी कमावणाऱ्या कुळातला डोहर कक्कय्या, सांडलेले तांदूळ वेचणाऱ्या मारय्याची पत्नी आयदक्की लक्कम्मा, यांचे शब्द त्यांच्या त्यांच्या नावाने लोकांपुढे येण्यात हळकट्टींचा वाटा फार मोठा. ज्ञात वचनकारांची संख्या त्यांच्या हयातीत दोनशेच्या पलीकडे गेली. बाराव्या शतकात कल्याणच्या अनुभवमंटपात परीट, नावाडी आणि घरची सून बसून तत्त्वचर्चा करीत, आणि जे सुचले ते स्वतःच्या बोलीत सांगत. ती प्रौढांची शाळाच होती असे आम्ही म्हणतो. फी नव्हती, परीक्षा नव्हती, जात विचारली जात नव्हती. त्या शाळेच्या वह्या सातशे-आठशे वर्षे बासनांत बांधून ठेवल्या गेल्या, आणि ज्यांच्या त्या वह्या, त्या कुळांतली मुले मात्र निरक्षर राहिली.

हे हळकट्टींच्या ध्यानी आले होते असे त्यांच्या पुढच्या कामावरून दिसते. नुसत्या पोथ्या जमवून ते थांबले नाहीत. १९१० साली त्यांनी विजापुरात लिंगायत जिल्हा शिक्षण संस्था स्थापण्यात पुढाकार घेतला. बी.एल.डी.ई. या अक्षरांनी आज तिला सारे ओळखतात. खेड्यातला शेतकऱ्याचा मुलगा शहरात शिकायला आला तर राहणार कुठे, खाणार काय, फी कोण भरणार? दोन वर्षांनी, १९१२ मध्ये, त्यांनी श्री सिद्धेश्वर सहकारी बँक उभी केली. शिक्षण संस्था आणि पतपेढी ही जोडी काहींना विजोड वाटेल. पण सावकाराच्या वहीत ज्याचे शेत अडकले आहे, त्याचा मुलगा पाटी घेऊन शाळेत येत नाही, तो सावकाराची गुरे राखायला जातो. हे त्यांनी कोर्टात रोज पाहिले होते. विणकरांच्या सहकारात, नगरपालिकेच्या कामात, दुष्काळाच्या मदतीत ते होते. १९२० साली ते मुंबई विधिमंडळातही निवडून गेले. या सगळ्याचे वर्णन करीत बसलो तर अंक पुरणार नाही.

त्या दशकात आपल्या सीमाभागातही तेच वारे होते. सौंदत्ती तालुक्यातल्या शिरसंगीचे लिंगराज देसाई १९०६ मध्ये लिंगैक्य झाले, ते आपली दौलत समाजाच्या मुलांच्या शिक्षणासाठी ठेवूनच. निपाणीच्या शेजारी कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे काढली, त्यांत लिंगायत विद्यार्थ्यांचेही एक होते. १३ नोव्हेंबर १९१६ रोजी बेळगावात कर्नाटक लिंगायत शिक्षण संस्था, म्हणजे आपली के.एल.ई., स्थापन झाली. तिच्या सात संस्थापकांना लोक सप्तर्षी म्हणतात. त्यांच्यापैकी शि. शि. बसवनाळ यांनी पुढे बसवण्णांच्या वचनांचे संपादन केले, आणि म. रा. साखरे यांनी लिंगायत धर्माचा इतिहास व तत्त्वज्ञान यांवर इंग्रजीत मोठा ग्रंथ लिहिला. ज्यांनी शाळा काढल्या तेच पोथ्याही वाचीत होते, हे विसरू नये. आज मंडळींनी कामे वाटून घेतली आहेत. शाळा चालवणारा चालवतो, पोथी वाचणारा वाचतो, दोघांची गाठ वार्षिक समारंभात व्यासपीठावर पडते.

आता छपाईची हकीकत. ती थोडी सविस्तरच सांगावी लागेल, कारण तिचा शेवट आपल्या बेळगावात आहे.

वीस वर्षांच्या संग्रहातून हळकट्टींनी वचने विषयवार लावून एक ग्रंथ सिद्ध केला. वचनशास्त्रसार हे त्याचे नाव. त्या काळी कन्नड छपाईत मंगळूरच्या बासेल मिशनच्या छापखान्याची ख्याती होती. हस्तलिखित तिकडे गेले. काही दिवसांनी ते परत आले. या वचनांतला एकेश्वराचा आणि समतेचा उपदेश पाहून मिशनऱ्यांना आपल्या प्रचारास बाधा येईल असे वाटले, असे सांगितले जाते. आम्ही यावरून कोणत्या धर्माला दोष देत नाही. त्याच बासेल मिशनचे एक कन्नड धर्मोपदेशक, रेव्हरंड चन्नप्पा उत्तंगी, सर्वज्ञ कवीची पदे गावोगाव फिरून गोळा करीत होते. १९२४ साली त्यांनी ती प्रसिद्ध केली आणि पुढे शरणसाहित्यातही मोलाचे काम केले. हळकट्टी विभूतिधारी, उत्तंगी ख्रिस्ती, आणि दोघेही एकाच उन्हात एकाच कामासाठी हिंडत होते.

परत आलेले बाड घेऊन हळकट्टी बेळगावास आले. इथल्या महावीर छापखान्यात १९२३ साली वचनशास्त्रसाराचा पहिला भाग छापून निघाला. देवघरातले शब्द प्रथमच एवढ्या मोठ्या संख्येने, अर्थवार लावलेले, किंमत देऊन कोणालाही विकत घेता येतील असे झाले. जातीचा दाखला न मागता. ज्या बेळगावात त्यांनी वकिलीची पहिली पावले टाकली, तिथेच हा ग्रंथ निघाला, याचे आम्हाला फार समाधान आहे. आजच्या बेळगावकरांपैकी किती जणांना हे माहीत असेल, याची मात्र शंका वाटते. या आधीच, १९२२ मध्ये, त्यांनी वचनांची इंग्रजी भाषांतरे इंडियन अँटिक्वेरी या नियतकालिकात देऊन बाहेरच्या विद्वानांनाही त्यांची ओळख करून दिली होती.

दुसऱ्याच्या छापखान्यावर अवलंबून किती दिवस काढायचे? म्हणून १९२५ मध्ये त्यांनी विजापुरात हितचिंतक नावाचा स्वतःचा छापखाना घातला, आणि त्यासाठी राहते घर विकले. १९२६ मध्ये शिवानुभव हे नियतकालिक सुरू केले. १९२७ मध्ये नवकर्नाटक साप्ताहिक. शिवानुभव त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ चालवले. लेख त्यांचेच, मुद्रिते तपासणार तेच, वर्गणीदारांना पत्रे लिहिणार तेच. बसवण्णांची, प्रभुदेवांची वचने, हरिहर कवीच्या रगळे, एकामागून एक पुस्तके निघाली. हे आमचे छोटे मासिक काढताना दर महिन्याला जी ओढाताण होते, ती पाहिली की त्या तीस वर्षांचा अंदाज येतो, आणि मग तक्रार करायला तोंड राहत नाही.

१९२६ सालीच बळ्ळारीच्या कन्नड साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. मानाचा हा प्रसंग आणि घर विकल्यानंतरचे दिवस एकाच काळातले. वकिलीकडे हळूहळू दुर्लक्ष होत गेले. एके काळी गावातला मातबर वकील असलेला माणूस भाड्याच्या घरात राहू लागला. अंगात जुना, ठिगळ लावलेला कोट. त्यांच्या त्यागाची स्तुती आपण सारे करतो. पण घर एकट्याचे नसते. पत्नी भागीरथीबाईंनी आणि मुलांनी या कामापायी काय सोसले, ते कोणत्या पोथीत कोरले नाही. विरक्त स्वामीला संसार नसतो, त्यामुळे त्याचा त्याग सोपा असतो. संसारी माणसाच्या त्यागात दुसऱ्यांचाही घास जातो. म्हणून वचनपितामहांना वंदन करताना त्या माउलीला वगळून करू नये असे आम्हाला वाटते.

त्यांच्या कामात उणिवा होत्या. हाताशी असलेल्या थोड्या पोथ्यांवरून त्यांनी पाठ ठरवले. पुढे अधिक पोथ्या मिळाल्या तेव्हा नंतरच्या संशोधकांना पुष्कळ दुरुस्त्या कराव्या लागल्या. १९९३ साली कर्नाटक शासनाने समग्र वचनसाहित्य पंधरा खंडांत काढले, तेव्हा प्रधान संपादक डॉ. एम. एम. कलबुर्गी व त्यांच्या सहकाऱ्यांपुढे कितीतरी मोठी सामग्री होती. पण पाया कोणाचा, हे त्यांच्यापैकी कोणी विसरले नाही. संस्थेच्या नावात लिंगायत शब्द का, शरणांनी जात मानली नाही तर शाळा एका समाजाची का, असाही प्रश्न कोणी कोणी करतो. प्रश्न रास्त आहे. ज्या काळी सरकारी शाळेत आपल्या मुलांची संख्या बोटावर मोजण्याइतकी होती, तेव्हा समाजाच्या नावाने देणगी मागितली तरच थैली सुटत असे. आज विजापूरच्या त्या संस्थेत वैद्यकीय, अभियांत्रिकी शिक्षण देणारी महाविद्यालये आहेत आणि तिथे सर्व समाजांची मुले शिकतात. तिच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाला हळकट्टींचेच नाव आहे.

खरी उणीव आम्हाला दुसरीकडे दिसते, आणि ती हळकट्टींची नव्हे, आमच्यासारख्यांची आहे. त्यांनी शाळा काढली ती मुलाला जगात उभे राहता यावे म्हणून, आणि वचने छापली ती त्याला आपण कोण हे कळावे म्हणून. आपण पहिली गोष्ट उचलली. मुलगा इंजिनीअर झाला, पुण्याला गेला, बंगळूरला गेला, अमेरिकेला गेला. घरातले बासन माळ्यावर गेले. आमच्या मठात शिकून गेलेला एक मुलगा मध्यंतरी भेटीस आला होता. मोठ्या पगारावर आहे. त्याने मठाला देणगी दिली, पाद्यपूजा केली, आणि जाताना विचारले की इष्टलिंग उजव्या हातावर ठेवायचे की डाव्या? दोष त्याला कसा द्यावा? आम्हीच त्याला प्रसादनिलयात दोन वेळ जेवू घातले, आणि हे शिकवायचे राहून गेले.

कर्नाटक विद्यापीठाने १९५६ मध्ये हळकट्टींना सन्माननीय डी.लिट. पदवी दिली. तेव्हा ते शहात्तर वर्षांचे होते. त्याच वर्षी भाषावार राज्यरचना झाली आणि बेळगाव-निपाणीचा प्रश्न उभा राहिला, त्यात आपली घरेही वाटली गेली. त्या वादावर लिहिण्याची ही जागा नव्हे. एवढेच सांगतो की वचन कन्नडात आहे म्हणून ते मराठी भक्ताचे नाही, असे म्हणणारा शरणांना ओळखत नाही. एकविसाव्या शतकात बंगळूरच्या बसव समितीने सुमारे अडीच हजार निवडक वचने मराठीसह अनेक भारतीय भाषांत उतरवून प्रसिद्ध केली. आपल्या वाचकांपैकी ज्यांना कन्नड लिपी येत नाही त्यांनी ते पुस्तक अवश्य मिळवावे.

जून १९६४ मध्ये, वयाची चौऱ्याऐंशी वर्षे पुरी होण्यास थोडे दिवस उरले असता, हळकट्टी विजापुरात लिंगैक्य झाले. कर्नाटकात त्यांचा जन्मदिवस, २ जुलै, वचनसाहित्य संरक्षण दिन म्हणून पाळला जातो.

निपाणीकडच्या त्या माउलीचे बासन तिच्या संमतीने आम्ही मठात आणवले. आमच्या मठात शिकलेली एक मुलगी सध्या कन्नडची पदव्युत्तर विद्यार्थिनी आहे. तिने आतापर्यंत अकरा पाने लावली आहेत. पहिली दोन पाने कुणाच्या तरी देण्याघेण्याच्या हिशेबाची निघाली, तेव्हा आम्ही दोघेही हसलो. तिसऱ्या पानापासून वचने आहेत. चिकटलेली मधली पाने सोडवायला जाणकार माणूस हवा. वाचकांपैकी कोणाच्या माहितीत असा कोणी असल्यास मठाच्या पत्त्यावर कळवावे. आणि आपल्या माळ्यावर असे काही असेल तर येत्या शिवरात्रीला बेलपत्र वाहण्यापूर्वी एकदा गाठ सोडून पाहावी.